दिलीपकाकांचे उन्हाळी टायर

बाबांना कुणाला ‘नाही’ म्हणता यायचं नाही, हे आमच्या घराचं मूळ दुखणं होतं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आल्यावर ते जास्तच बळावलं. शाळेची पोरं पॉपकॉर्नचे डबे विकायला दारात आली की बाबा प्रत्येकाकडून एकेक घ्यायचे, मग स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं की डबे अंगावर यायचे. फोनवर कुणी कार्पेट धुऊन देण्याची स्कीम सांगायला लागलं की बाबा शेवटपर्यंत ऐकून घेत, मधे मधे ‘येस, येस, व्हेरी गुड’ म्हणत आणि अगदी गळ्याशी आलं की घाम पुसत रिसीव्हर आईच्या हातात देत. आई ‘नो थँक्यू’ म्हणून फोन ठेवायची आणि तव्यावरची पोळी उलटायला वळायची. आईचं इंग्रजी तेवढंच होतं, पण ते चोख होतं.

आम्ही नागपूरहून आलो तेव्हा मी नववीत होते. भाड्याचं टाउनहाउस, वर दोन खोल्या, मधे बैठक आणि स्वयंपाकघर, खाली उघड्या सिमेंटचं बेसमेंट. त्या बेसमेंटवर आमचं तिघांचंही प्रेम होतं. वरच्या स्वयंपाकघरात तेलाची कढई चढली रे चढली की छताला चिकटवलेला तो धुराचा अलार्म केकाटायला लागायचा, शेजारची म्हातारी खिडकीतून डोकवायची आणि बाबा वर्तमानपत्राने त्याला वारा घालत खुर्चीवर उभे राहायचे. म्हणून आईने तळणाचा सगळा कारभार खाली नेला होता. विजेची शेगडी, कढई, झारे, सगळं तिथे. कोपऱ्यात माझं टेबल. मी गणितं सोडवत बसायचे, पलीकडे आई वडे तळायची, घर तापवणारं फर्नेस मधेच धडधडून सुरू व्हायचं आणि त्या गरम हवेबरोबर लसणाचा वास वरच्या खोल्यांत जायचा. बाबा संध्याकाळच्या ट्रेनने शिकागोहून आले की कोट न काढताच खाली यायचे आणि कढईतला पहिला वडा फुंकर मारून खायचे. त्या घरात आम्ही सुखी होतो. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना ते विसरायला होईल.

दिलीपकाका हे बाबांचे मॅनेजर. मूळचे पुण्याचे, खूप वर्षांपूर्वी आलेले, बोलणं अर्धं इंग्रजी आणि अर्धं अगदी छापील मराठी. तो काळ मोठा वाईट होता. बाबांच्याबरोबर आलेले कितीतरी जण नोकरी गेली म्हणून सामान विकून परत चालले होते. आमच्याकडचा सोफा, माझं टेबल, एवढंच काय ती शेगडीसुद्धा, अशा परत गेलेल्यांचीच होती. बाबांचा व्हिसा नोकरीवर होता, ग्रीन कार्डाचे कागद कंपनीने पुढे सरकवले तर सरकणार होते, आणि कंपनीत ते बघणार दिलीपकाका. काकांनी तसं कधी तोंडाने म्हटलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते बाबांना ‘अरे, मला नुसतं दिलीप म्हण’ असं सांगून सांगून थकले. बाबांना ते जमेना. साहेबाला नावाने हाक मारायची म्हणजे त्यांच्या जिभेला गाठ पडायची. मग ते नाव टाळूनच बोलायचे. ‘सर’ म्हणायची काकांनी बंदी केली होती, पण घाबरले की निघायचंच तोंडातून.

तर या दिलीपकाकांनी एक स्पोर्ट्स कार घेतली होती. पिवळीधमक, दोन सीटची, जमिनीला चिकटलेली. त्यांची मुलं कॉलेजात गेली होती, त्यामुळे दोन सीट पुरत होत्या. उन्हाळ्यात ती गाडी मराठी मंडळाच्या पिकनिकला आली की सगळे काका लोक तिच्याभोवती गोळा व्हायचे आणि सगळ्या काकू ‘यात बसताना साडीचं काय करायचं हो?’ म्हणून हसायच्या. ऑक्टोबर लागला की काका तिचे उन्हाळी टायर काढून बर्फाचे टायर चढवायचे. आता ते काढलेले टायर ठेवायचे कुठे? गॅरेजमध्ये ठेवले तर कडाक्याच्या थंडीत रबर दगडासारखं होऊन चिरा पडतात म्हणे. काकांचं घर आमच्या घराच्या चौपट. पण त्यांच्या बेसमेंटमध्ये गालिचा, मोठा टीव्ही, बार. तिथे रबराचा वास त्यांच्या बायकोला, वृंदाकाकूंना, चालत नव्हता. म्हणून एका रविवारी काका टायर घेऊन आमच्या दारात उभे राहिले. ‘बघ रे, जमत असेल तर. नाहीतर मी दुसरीकडे बघतो,’ असं म्हणाले. आणि बाबा म्हणाले, ‘म्हणजे काय! घर तुमचंच आहे!’

टायर आले ते आपले नियम घेऊन. फर्नेसजवळ ठेवायचे नाहीत. खिडकीतलं ऊन लागता कामा नये. थेट सिमेंटवर नको, खाली फळी हवी. रिम नसल्यामुळे एकावर एक रचायचे नाहीत, उभेच ठेवायचे, आणि महिन्यातून एकदा थोडे थोडे फिरवायचे, नाहीतर खालच्या बाजूने चपटे होतात. तेलातुपाची वाफ तर अजिबात नको. बाबांनी सगळं मान हलवत ऐकलं. या सगळ्या नियमांत बसणारी जागा आमच्या बेसमेंटमध्ये एकच होती, माझ्या टेबलाची. टेबल फर्नेसच्या कुशीत गेलं. मी अभ्यासाला बसले की एका अंगाने भाजायचे आणि दुसऱ्या अंगाने कुडकुडायचे. आणि आईची शेगडी उचलून बाहेर गॅरेजमध्ये.

आई एरवी शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी बोलायची, पण चिडली की तिच्या माहेरचं वऱ्हाडी बाहेर यायचं. ‘काहून?’ ती म्हणाली. ‘टायरले तेलाचा वास लागते, अन् मले रबराचा लागत नाही काय?’ बाबा म्हणाले, ‘अगं, हळू. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.’ त्या वर्षी दिवाळीच्या चकल्या आईने गॅरेजमध्ये तळल्या. अंगात बाबांचा कोट, डोक्याला माकडटोपी, पायात माझे बर्फातले बूट. तेल तापता तापेना. चकल्या मऊ पडल्या आणि काकांकडे फराळाचा डबा गेला त्यात त्यातल्या बऱ्या बऱ्या निवडून गेल्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा अंघोळ करून खाली जायचे आणि टायर फिरवायचे. लुळ्या पडलेल्या माणसाची कूस बदलावी तसं, हळूच, दोन्ही हातांनी. मग फडक्याने पुसायचे. मी टेबलाशी बसून बघायचे आणि मला त्यांची लाज वाटायची. माझ्या शाळेतल्या मुलींचे बाबा रविवारी स्वतःच्या गाड्या धुवायचे. माझे बाबा दुसऱ्याच्या टायरची सेवा करत होते आणि त्यांचा चेहरा असा काही प्रसन्न असायचा की मला अजूनच चीड यायची. आता मी त्यांच्या त्या वेळच्या वयाला येऊन पोचले आहे. मॉरिसव्हिलला माझं स्वतःचं घर आहे, पासपोर्टही इथला आहे. तरी नोकऱ्या जायला लागल्याच्या बातम्या आल्या की मीटिंगमध्ये माझा आवाज जरा जास्तच गोड होतो. तो माझ्याच कानाला ऐकू येतो आणि मी मीटिंग संपल्यावर उगाच नळ सोडून हात धूत बसते.

वसंत आला की काका टायर घेऊन जायचे, ऑक्टोबरात परत आणून टाकायचे. मी सांगते आहे तो प्रसंग दुसऱ्या हिवाळ्यातला, संक्रांतीचा. आईने या देशातलं तिचं पहिलं हळदीकुंकू करायचं ठरवलं होतं. तोवर ती सगळ्यांकडे जात होती, वाण घेऊन येत होती, आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर म्हणायची, ‘आपण नुसतं घेऊनच राहिलो.’ ते तिला फार लागत होतं. बायकांत आपली एक जागा असावी, आपल्या घराचं नाव निघावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती आठवडाभर राबत होती. तिळाच्या वड्या, मटार करंज्या, मसाला दूध. करंज्या अर्थात गॅरेजमध्ये. वाण म्हणून तिने स्वयंपाकाच्या मापांचे संच आणले होते आणि प्रत्येकाला लाल रिबीन बांधली होती.

बायका बऱ्याच येणार होत्या, वरच्या बैठकीत मावणाऱ्या नव्हत्या, म्हणून कार्यक्रम बेसमेंटमध्ये. आम्ही दोघींनी सिमेंटवर सतरंज्या घातल्या, भिंतींना जुन्या साड्या लावल्या. खुर्च्या मात्र कमी पडत होत्या, आणि वयाच्या काकूंना खाली बसता येत नव्हतं. बाबा दूध आणायला बाहेर गेले होते. आईने टायरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ‘धर एका बाजूने,’ ती म्हणाली. आम्ही दोन टायर आडवे टाकून एकावर एक ठेवले, दुसरे दोन तसेच शेजारी, वर फळी, फळीवर दोन गोधड्या आणि त्यावर आईची जांभळी इरकल. बाप्पा! इतकी सुंदर बैठक झाली की आई स्वतःच बसून पाहायला लागली. दोन हिवाळे त्या टायरने आमची जागा अडवली होती, आज पहिल्यांदा ते उपयोगाला आले, आणि आई खुदकन हसली.

बायका आल्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली कुणाची तरी पहिल्या संक्रांतीची सून, परफ्यूम आणि वेलदोड्याचा वास, एकच कलकल. पुरुष मंडळी वर टीव्हीसमोर चिवडा खात बसली होती. त्यांत दिलीपकाकाही होते. वृंदाकाकू खाली आल्या आणि आईने त्यांना मानाने त्या बैठकीवर बसवलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘अगं, किती कम्फर्टेबल आहे हे! कुठून घेतलंत?’ आणि त्यांनी इरकलीचं टोक उचललं. मी ते खाली ओढायला पुढे झाले. पण आईने हळदीकुंकवाचा करंडा हातात धरून सरळ सांगून टाकलं, ‘अहो, तुमचेच टायर आहेत!’

सगळं बेसमेंट हसलं. वृंदाकाकू तर डोळे पुसत होत्या. ‘अगं, दिलीप मला त्या गाडीत बसायचा आग्रह करून थकला,’ त्या म्हणाल्या, ‘शेवटी तू बसवलंस!’ कुणीतरी म्हणालं, ‘नागपूरकरांची डोकीच भारी.’ आईचा चेहरा असा उजळला की तसा मी या देशात आल्यापासून पाहिला नव्हता. तिने हळदीकुंकू जिंकलं होतं. उद्या हीच गोष्ट गावभर सांगितली जाणार होती, आणि कौतुकाने.

तेवढ्यात बाबा मसाला दुधाचा ट्रे घेऊन जिना उतरले.

त्यांनी पाहिलं. ट्रे त्यांनी माझ्या हातात कसा दिला ते मला आठवत नाही, पण दूध सांडलं होतं. ‘उठा, उठा जरा,’ ते म्हणाले. वृंदाकाकूंशेजारी बसलेल्या दोघी हातात वड्यांच्या बशा घेऊन उठल्या. वृंदाकाकू उठल्या. बाबांनी गोधड्या ओढल्या, फळी काढली, टायर उभे केले आणि त्या सगळ्या बायकांच्या मधोमध गुडघ्यांवर बसून खिशातल्या रुमालाने ते पुसायला लागले. एकावर कुंकू सांडलं होतं, खाचांत तीळ गेले होते. ते बोटाने एकेक तीळ काढत होते आणि बोलत होते. ‘सॉरी ताई. सरांनी विश्वासाने ठेवायला दिलेत. रचायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं. हिला सांगितलं होतं मी. हिला अक्कल नाही, ताई. हिला काही कळतच नाही.’

‘अहो भाऊ, टायरच आहेत, राहू द्या ना, ती गाडी तर…’ वृंदाकाकू म्हणाल्या. त्या खरंच कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. पण बाबांना थांबता येईना. मी ट्रे धरून उभी होते आणि मला वाटत होतं की फर्नेसने एकदाचं धडधडून सुरू व्हावं, म्हणजे बाबांचा आवाज कुणाला ऐकू येणार नाही. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि खरं सांगते, नंतरही नाही. आई हलली नाही. करंडा तसाच हातात. ती बाबांच्या टकलाकडे बघत होती.

गडबड ऐकून दिलीपकाका खाली आले. ‘काय झालं?’

‘काही नाही सर, काही नाही,’ बाबा गुडघ्यांवरूनच म्हणाले. ‘पुसून घेतलेत. चपटे नाही झाले.’

काका टायरकडे बघत राहिले. मग त्यांनी कपाळाला हात लावला. ‘अरे, हे अजून तुझ्याकडेच आहेत? गाडी तर मी नोव्हेंबरातच, थँक्सगिव्हिंगच्या आधी विकली. तुला सांगितलं नाही? आय ॲम सो सॉरी यार! पूर्ण विसरलो. टाकून दे रे कुठेतरी.’ आणि ते हसले. वाईट मनाने नाही. एखादी छत्री कुणाच्या घरी राहून गेली म्हणून माणूस हसतो तसं. वृंदाकाकू ‘दिलीप!’ म्हणून ओरडल्या. बाबाही हसले. ते हसणं मला आजही बघवत नाही.

आईने मग प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं. वाण दिलं, वड्या दिल्या, वृंदाकाकूंची ओटी भरली. तिचा हात कुठेही चुकला नाही. पण बायका दूध अर्धंच ठेवून लवकर निघाल्या, जिन्यात एकमेकींशी हळू आवाजात बोलत. गोष्ट गावभर जाणारच होती, फक्त ती आता वेगळी झाली होती. त्या संध्याकाळी बाबा दोनदा म्हणाले, ‘अगं, तुला माहीत आहे ना, आपले कागद त्यांच्याकडे आहेत.’ आई भांडी घासत राहिली. (कागद पुढे झाले, यथावकाश कार्डही आलं. त्यात त्या टायरचा वाटा किती, देव जाणे.)

दुसऱ्या दिवशी सोमवारची सुट्टी होती. कचऱ्याची गाडी टायर नेत नाही, म्हणून बाबा ते आमच्या जुन्या गाडीत कोंबून टायरच्या दुकानात द्यायला निघाले, आणि मला बरोबर घेतलं. दुकानात तेच रबर आणि करपलेल्या कॉफीचा वास. काउंटरवर दाढीवाला, टोपी घातलेला एक माणूस होता. त्याने एक टायर फिरवून पाहिला, खाचांत अंगठा घातला, आणि ओठ पुढे काढून मान हलवली. ‘काय जपलेत हो,’ अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. ‘कोणत्या गाडीचे?’

बाबांनी टायरवरून हात फिरवला. मला वाटलं, आता ते नेहमीसारखं ‘माय बॉस, व्हेरी नाइस मॅन’ सुरू करतील. मी बाहेर बर्फाकडे बघायला लागले.

‘माय कार,’ बाबा म्हणाले. ‘यलो. टू सीट्स. आय सोल्ड इट.’

‘वॉज शी फास्ट?’ त्याने गाडीबद्दल विचारलं.

‘व्हेरी फास्ट,’ बाबा म्हणाले. आणि मग, मान ताठ करून, ‘बट नो प्लेस फॉर माय डॉटर.’

तो माणूस हसून माझ्याकडे बघायला लागला. बाबाही माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी अजिजी होती की मी ‘येस’ म्हटलं. ‘येस, शी वॉज फास्ट.’ माझी कानशिलं तापली होती. परत येताना सिग्नलला थांबल्यावर बाबा म्हणाले, ‘मनू, आईला…’ आणि सिग्नल हिरवा झाला तशी गाडी पुढे काढली.

घरी आलो तर आईने शेगडी गॅरेजमधून परत खाली नेली होती आणि कांदा चिरत बसली होती. ‘घेतले त्यांनी?’ तिने विचारलं. मी जे झालं ते सगळं सांगितलं. पिवळी गाडी, व्हेरी फास्ट, नो प्लेस फॉर माय डॉटर, सगळं. मला वाटलं ती हसेल. निदान थोडी विरघळेल. तिने सुरी खाली ठेवली.

‘त्या टायरवाल्यापुढे लाज वाटली त्यायले,’ आई म्हणाली. ‘काल माह्यापुढे नाही वाटली.’

मी वळले तेव्हा बाबा जिन्यात उभे होते. त्यांनी बूट काढले नव्हते आणि बर्फ विरघळून पायरीवर पाणी झालं होतं. आईने त्यांच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि फडकं आणायला मला वर पाठवलं. मी गेले. परत आले तेव्हा बाबा त्या ओल्या पायरीवर बसले होते, तोंड हातांत धरून, आणि आई कांदा चिरत होती.